बोलत नाही, की ऐकू येत नाही?

१९८१ च्या जनगणनेआधी घरयादी करायला निघालेल्या प्रगणकांच्या कागदावर अपंगत्वाचे तीनच रकाने होते. पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे अपंग व्यक्तींचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं होतं, त्यामुळे पन्नास वर्षांनी हा प्रश्न पुन्हा विचारायचं ठरलं. १८७२ पासून १९३१ पर्यंत तो विचारला जायचा, मग गळला होता. पुढे १९९१ मध्ये तो पुन्हा गळला आणि २००१ मध्ये परत आला. पण १९८१ च्या त्या कागदावर बहिऱ्यांसाठी रकानाच नव्हता.

तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर मास्तरांनी विचारलं असेल, "घरात कुणी मुकं हाय का?" ओसरीवरची म्हातारी म्हणाली असेल, "हाय की, आमचं धाकटं." मास्तरांनी एक आकडा मांडला असेल आणि ते पुढच्या घरी गेले असतील. लेकरू मुकं का आहे, हा प्रश्न मास्तरांच्या कागदावर नव्हता आणि घरातही कुणी विचारलेला नव्हता.

मुकेपणा लोकांना दिसतो, बहिरेपण दिसत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा घसा, जीभ, टाळू, स्वरयंत्र सगळं ठणठणीत असतं. कानावर भाषा पडलेलीच नसते, म्हणून तोंडातून येत नाही. (दुभंगलेली टाळू, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम अशा कारणांनी बोलणं अडतं ती मुलं वेगळी. त्यांचे कान चांगले असू शकतात.) आपला जुना शब्द बघा, 'मूकबधिर'. परिणाम आधी, कारण नंतर. आता 'कर्णबधिर' म्हणतात, ते बरंच बरं. मांडी घालून बसलं की पायही बधिर होतो, म्हणून मराठीत बधिरला 'कर्ण' जोडावा लागला असेल.

या लेखात मी धाराशिव जिल्ह्यातून या इतिहासाकडे बघणार आहे. बहिऱ्या लेकराचं काय करायचं, हे शास्त्रानं सांगितलं, कायद्यानं सांगितलं, शाळेनं सांगितलं, सरकारनं सांगितलं. त्या लेकराच्या घराचं काय करायचं, हे मात्र फार उशिरा कुणाच्या तरी डोक्यात आलं.

भाकरी आहे, वाटा नाही

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की कर्नाटकची हद्द ओलांडून थोड्या वेळात बसवकल्याणचा फाटा येतो. हेच जुनं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या सुरुवातीला इथं सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी विज्ञानेश्वर नावाचे पंडित होते. त्यांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे इंग्रजी न्यायालयांनी बंगाल वगळता जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात हिंदूंच्या वारशाचे निकाल याच ग्रंथाच्या आधारानं दिले. म्हणजे कोट्यवधी घरांच्या वाटण्या ज्या पुस्तकावरून झाल्या, ते उमरग्यापासून हाकेच्या अंतरावर लिहिलं गेलं.

वाटा कुणाला मिळत नाही याची यादी त्यात आहे. याज्ञवल्क्यांच्या मूळ यादीत पांगळा, वेडा, आंधळा, असाध्य रोगी अशी नावं आहेत आणि शेवटी 'इत्यादी' आहे. या 'इत्यादी'त कोण कोण येतं ते उलगडताना विज्ञानेश्वर बहिरा आणि मुका यांची नावं घेतात, मनूचाही आधार देतात. यांना वाटा नाही. मात्र यांना पोसलंच पाहिजे. मनूनं तर न पोसणाऱ्याला पतित म्हटलं आहे.

पुढचं कलम मला जास्त रोचक वाटतं. वाटणी झाल्यावर औषधोपचारानं दोष गेला, तर त्या माणसाला त्याचा वाटा द्यावा. आणि त्याचा मुलगा निर्दोष असेल, तर मुलाला वाटा आहेच. शास्त्राला बहिऱ्याचा राग नव्हता. ज्याला बोलता येत नाही तो व्यवहार कसा करणार, यज्ञ कसा करणार, एवढाच हिशेब होता. पण जमिनीवर जगणाऱ्या मुलखात वाटा नसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या गावी, कळंब तालुक्यात, माझ्या आजोबांचे एक चुलतभाऊ होते. गाव त्यांना मुके आप्पा म्हणायचं. मी लहान असताना ते सत्तरीच्या पुढचे असावेत. बैलांचं सगळं तेच बघायचे. कोणता बैल आज खाणार नाही, ते आदल्या रात्रीच त्यांना कळायचं म्हणतात. घरात त्यांच्याशी बोलायच्या खुणा ठरलेल्या होत्या. मिशीला पीळ म्हणजे आजोबा, कपाळावर आडवं बोट म्हणजे शिंप्याची विधवा आत्या, दोन्ही मुठी एकावर एक ठेवून फिरवल्या की ऊस गाळायचा चरक. यांतल्या निम्म्याहून जास्त खुणा माझ्या आजीनं केलेल्या होत्या. आप्पांचं म्हणणं बाहेरच्याला सांगायचं काम तिचंच. ती माहेरी गेली की आप्पा चार दिवस गप्प व्हायचे, म्हणजे हातानंही.

ताटात भाकरी त्यांना कधी कमी पडली नाही. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलं नाही. लग्नही झालं नाही. मिताक्षरा आमच्या घरात कुणी वाचली नव्हती, पण तिच्यातला नियम अक्षरशः पाळला गेला होता. याबद्दल घरात कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडायला ज्यानं उभं राहायचं, त्याच्याकडे शब्द नव्हते आणि त्याच्या दुभाषीला तसं कधी वाटलं नाही.

ब्रिटिश हद्दीत १९२८ साली कायदा झाला आणि मिताक्षरेखालच्या घरांत बहिरेपण, मुकेपण अशा कारणांनी वारसा नाकारणं थांबलं. जन्मापासून वेडा किंवा जडबुद्धी असलेला माणूस तेवढा त्यातून वगळला होता. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. लगतचा उस्मानाबाद निजामाकडे. शिवेच्या अलीकडचा बहिरा भाऊ आणि पलीकडचा बहिरा भाऊ यांचे कायदे त्या वर्षी वेगळे झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या कलम २८ मध्ये लिहिलं आहे की रोग, दोष किंवा व्यंग या कारणानं कुणीही वारशाला अपात्र ठरणार नाही. एका ओळीत आठ-साडेआठशे वर्षांची यादी रद्द झाली. तलाठ्याच्या दप्तरात आणि चुलीपुढच्या बोलण्यात ती रद्द व्हायला किती वेळ लागला, हे प्रत्येक भावकीला ठाऊक आहे.

हात बांधून शाळा

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात एक कलम होतं. बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो. खुणा भर कोर्टात केल्या, तर ती तोंडी साक्षच धरायची. म्हणजे खुनाच्या खटल्यात कोर्टानं हातांची भाषा मान्य केली होती. आठच वर्षांनी, सप्टेंबर १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं उलटा ठराव केला. शाळेत खुणा नकोत, फक्त तोंडी बोलणं आणि ओठ वाचणं. ठराव करणाऱ्यांत जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. मधल्या १३० वर्षांत जगभर मुलांना हातांवर बसवून शिकवलं गेलं.

भारतातली पहिली बधिरांची शाळा याच वाऱ्यात उघडली. १८८५ च्या सुमारास मुंबईत, माझगावला, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं. १८९३ मध्ये कोलकात्यात दुसरी मोठी शाळा निघाली. उस्मानाबादकडच्या माणसाला मुंबई तशी अगदीच अशक्य नव्हती. १९११ पर्यंत बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी येडशी, ढोकी करत लातूरला पोचली होती. कुर्डुवाडीला गाडी बदलली की मुंबई. पण आपलं न बोलणारं लेकरू कुणी त्या गाडीत बसवून शाळेला धाडलं असेल, असं मला वाटत नाही. शाळा आहे हेच कुणाला माहीत असणार? आणि मुळात ज्याला वाटा नाही, त्याला शाळा कशाला?

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू बदललं. समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर संस्थांनी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी निवासी शाळा काढल्या. लेकरू सहा-सात वर्षांचं झालं की गावातला एखादा शिक्षक किंवा पुढारी सांगायचा, "तिथं घाला, जेवण-राहणं फुकट हाय." बाप ट्रंक आणि लेकरू सोडून यायचा. लेकराला आपण कुठं आलो, का आलो, परत नेणार आहेत का, यातलं काही सांगता येत नसे, कारण सांगायला भाषाच नव्हती.

या शाळांना आज कुणी सरसकट नावं ठेवली तर मला पटणार नाही. त्यांनी हजारो मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं, शिवणकाम, सुतारकाम दिलं. आणि त्यांनी नकळत आणखी एक गोष्ट दिली. वर्गात बाई ओठांकडे बघायला लावायच्या, 'प' म्हणताना तोंडापुढं धरलेला कागद हलतो का ते दाखवायच्या. पण संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात मोठी मुलं लहानांना हातांची भाषा शिकवत होती. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वाच्या शाळेत बहिरी मुलं पहिल्यांदा एकत्र आली आणि त्यांनी आपापल्या घरच्या खुणांतून काही वर्षांत पूर्ण व्याकरणाची नवी भाषा उभी केली. भाषाशास्त्रज्ञ अजून तिच्यावर लिहितात. आपल्याकडे १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूर इथल्या खुणांची तुलना केली. शब्दांत जागोजागी फरक निघाले, व्याकरण एक निघालं. स्वतः वसिष्ठ लहानपणी बहिरे झालेले. कुठल्याही सरकारनं न शिकवलेली भाषा देशभर एका धाग्यात होती. सरकारनं भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढलं ते २०१५ मध्ये आणि तिचा पहिला शब्दकोश आला २०१८ मध्ये, तीन हजार शब्दांचा.

पण आता दिवाळीची सुट्टी डोळ्यांपुढं आणा. दहा वर्षांचा मुलगा घरी येतो. त्याच्या हातात आता भाषा आहे. त्याला सांगायचं आहे की मित्राची बहीण वारली, की गणिताच्या बाई बदलल्या, की रात्री त्याला भीती वाटते. घरात एकालाही ती भाषा येत नाही. आई त्याला जेवायची खूण करते, झोपायची खूण करते. दहा दिवसांत दहा-बारा खुणा. शाळा सुरू होते तेव्हा पोरगं एसटीत हसत चढतं आणि आई घरी येऊन रडते. मुलांना आधार मिळाला होता. घराला कुणी शाळेत घातलं नव्हतं.

वचा, वाचा आणि गेलेला वेळ

त्या शाळेआधीची सहा वर्षं कुठं जायची?

बाळगुटीत वेखंड असतं. संस्कृतात वेखंडाचं नाव 'वचा'. वचेनं वाचा शुद्ध होते, ही समजूत नावातच आहे, त्यामुळे न बोलणाऱ्या लेकराच्या जिभेला वेखंड लागतं, अक्कलकारा लागतो. पोपटानं चोच मारलेला पेरू खायला घालतात. तुळजापूरला नवस बोलतात. आणि प्रत्येक घरात एक वाक्य तयार असतं. "ह्याचा बाप पण चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." हे वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं आणि मला ते वेखंडापेक्षा घातक वाटतं. वेखंडाचा दोष इतकाच की ते जिभेवर लावतात आणि अडचण कानात आहे.

लेकरूसुद्धा फसवतं. बहिरं बाळ पहिल्या काही महिन्यांत इतर बाळांसारखंच हुंकारतं, आवाज काढतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते पुढे कमी होत जातं. पाळणा हलला की ते वळून बघतं, दार आपटलं की जमिनीची थरथर त्याला कळते. घरच्यांनी मागून ताट वाजवून बघितलेलं असतं आणि लेकरानं मान वळवलेली असते, कारण सावली हलली होती. गोरोबाकाका कुंभार आपल्या तेरचे. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते त्यांनी आवाजावरून ओळखल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. घरोघरी वाजणारी ही ताटं तशीच परीक्षा घेत असतात. फक्त इथं पारखणाऱ्याला आवाज ऐकू येतो आणि मडक्याला येतो का, हे त्याला ठरवायचं असतं.

खरी परीक्षा यंत्रानंच होते आणि ती यंत्रं फार जुनी नाहीत. आवाजाला मेंदूच्या मुळाशी उमटणारा विजेचा प्रतिसाद मोजायची रीत १९७० च्या सुमाराला नीट मांडली गेली. तिलाच दवाखान्यात 'बेरा' म्हणतात. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून करतात. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान आवाज ऐकल्यावर स्वतःही अगदी बारीक आवाज सोडतो. त्यावरून ओएई ही काही मिनिटांची चाचणी निघाली. ती जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही करता येते. १९९८ मध्ये अमेरिकेत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासातून दिसलं की सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे जाते. मग जगभर एक साधा हिशेब रूढ झाला. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. केरळात २००० नंतर कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी एक ओएई यंत्र वेगवेगळ्या प्रसूतिगृहांत फिरवायची पद्धत बसवली. यंत्र बाळाकडे जातं, बाळ यंत्राकडे नाही.

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांतून बाळच यंत्राकडे जातं. सोलापूर किंवा लातूर, धाराशिव शहरापासून सत्तर किलोमीटरच्या आसपास, परंडा-भूमकडून आणखी लांब. बेरासाठी बाळ झोपायला हवं आणि ते एसटीतच झोपून उठलेलं असतं. मग दुसरी तारीख. दुसऱ्या तारखेचा रोज बुडतो.

आईला आधी

स्पेन्सर ट्रेसी हा हॉलिवूडचा मोठा नट. त्याचा मुलगा जॉन १९२४ मध्ये जन्मला आणि काही महिन्यांनी घरच्यांना कळलं की त्याला ऐकू येत नाही. त्याची आई लुईझ यांनी मुलाला स्वतः शिकवलं आणि १९४२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जॉन ट्रेसी क्लिनिक काढलं. त्यांची कल्पना अशी की आधी आईबापांना शिकवायचं. जे येऊ शकत नाहीत, त्यांना टपालानं फुकट धडे. अंघोळ घालताना काय बोलायचं, चमचा दाखवायचा की आधी चेहऱ्याकडे बघायला लावायचं, अशा रोजच्या गोष्टींचे धडे. ते पुढं अनेक देशांत आणि अनेक भाषांत गेले. १९६९ मध्ये चेन्नईत बालविद्यालय सुरू झालं, तिथं लहान मुलासोबत आईनं येणं हाच नियम. १९८६ मध्ये मुंबईत ऑरेड ही संस्था निघाली, तीही घरातल्या माणसांना शिकवण्यावर उभी आहे.

ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सापडलेली ही साधी गोष्ट गावापर्यंत मात्र आली नाही. गावापर्यंत आलं ते मशीन. १९८१ पासून केंद्राची अडिप योजना आहे. तिच्या शिबिरांतून श्रवणयंत्रं वाटली जातात. सुरुवातीला छातीला बांधायची डबी आणि कानापर्यंत वायर, आता कानामागचं डिजिटल यंत्र. शिबिरात मांडव, पाहुणे, हार, फोटो, आणि लेकराच्या कानात मशीन. घरी आल्यावर लेकरू ते उपटून फेकतं, कारण आयुष्यात पहिल्यांदा आवाज म्हणजे काय ते त्याला कळतं आणि तो नुसता गोंगाट असतो. कानात बसणारा साचा लेकराच्या कानाच्या मापाचा हवा. लेकरू वाढतं तसा तो दर काही महिन्यांनी बदलायला हवा, नाहीतर शिट्टी वाजते. हे कुणी सांगितलेलं नसतं. मशीन ट्रंकेत जातं. मी अशी चार-पाच मशीनं वेगवेगळ्या घरांत पाहिली आहेत, कापडात नीट गुंडाळून ठेवलेली, सोन्यासारखी.

२०१४ पासून अडिपमधून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही मिळतं. लाखोंची शस्त्रक्रिया फुकट होते, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिच्यानंतर वर्ष-दोन वर्षं थेरपी लागते, यंत्राचं मॅपिंग पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि बाहेरचा भाग बिघडला तर खर्च घराचा. शस्त्रक्रियेचा एक दिवस सरकार सांभाळतं, बाकीचे सातशे दिवस आई.

बोलायला शिकवायचं की हातांची भाषा, हे भांडण मिलानपासून चालू आहे आणि आजही व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पालक त्यावरून एकमेकांवर उखडतात. माझं मत सांगतो. ज्या घरापासून थेरपिस्ट सत्तर किलोमीटरवर आहे, त्या घराला 'खुणा करू नका, नाहीतर बोलणार नाही' असं सांगणं क्रूर आहे. १९९१ मध्ये कॅनडात लॉरा पेटिटो यांनी दाखवलं की बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं हातांनी बडबडतात, इतर बाळं तोंडानं बडबडतात त्याच वयात, तशाच लयीत. मेंदूला भाषा हवी असते, ती कुठून येते याची त्याला फार पर्वा नसते. मशीन लागलं तर उत्तम, थेरपी मिळाली तर फारच उत्तम, तोवर हात रिकामे कशाला ठेवायचे? तुळजापूरच्या स्टँडवर मोबाइल बाकावर टेकवून दोन्ही हातांनी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यासाठी स्मार्टफोन हा पहिला खरा फोन आहे.

कोयता उचलायच्या आधी

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याच्या फिरत्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीतल्या प्रत्येक लेकराला तपासायचं. ऐकू न येणं आणि उशिरा बोलणं, दोन्ही त्याच्या यादीत आहेत. १९८१ च्या रकान्याची चूक इथं दुरुस्त झाली. लेकरू सापडलं की जिल्ह्याच्या केंद्रात, तिथून पुढं. कागदावर ही साखळी चांगली आहे. २०२२ च्या शेवटी राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंही केलं. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कधीकाळी माझगावला असलेली गोष्ट जिल्ह्याच्या गावापर्यंत आली.

अडचण कॅलेंडरची आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं सोबत. परत येतात ती एप्रिलकडे. पथकाच्या दोन फेऱ्यांपैकी एक याच काळात आली, तर त्या लेकराच्या नावापुढं 'गैरहजर'. जे वर्ष भाषेसाठी सगळ्यात मोलाचं, त्याचा अर्धा भाग फडात जातो. आणि थेरपिस्टनं सांगितलेले खेळ घेणार कोण? आई पहाटे चारला उठून तोडीला जाते, लेकराला सात-आठ वर्षांची बहीण सांभाळते. मला वाटतं, शिकवायचं तर त्या बहिणीलाही शिकवायला हवं.

या जिल्ह्याला अशा कामाची एक परंपरा आहे, हे विसरलं जातं. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानं लातूर-उस्मानाबादमध्ये जवळजवळ आठ हजार माणसं मारली, त्या उद्ध्वस्त मुलखात हे काम वाढलं. त्यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि त्यांना नाव दिलं 'भारतवैद्य'. ताप, जुलाब, बाळंतपण, दारूडा नवरा, सगळ्यांत ही बाई घरात जाऊन बसायची. बहिऱ्या लेकराच्या आईला सोलापूरच्या तज्ज्ञाइतकीच गरज अशा बाईची आहे. आठवड्यातून एकदा येऊन बसणारी, मशीन शिट्टी का मारतंय ते बघणारी, "आज कोणता नवा शब्द केला?" असं विचारणारी, सासूला समजावणारी. मशीन ट्रंकेत जाणार नाही, ते अशा बाईमुळे.

आणि निदान झाल्यावर सासरचे-माहेरचे एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हाही तीच हवी. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतात. जन्मजात बहिरेपणाच्या अनेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं, दोघांना स्वतःला छान ऐकू येत असतं. रक्तातलं लग्न असलं की तशी जोडी जमण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणा एकाचा धरताच येत नाही, तो दोन्हीकडून आलेला असतो. तरी 'तिच्याच पोटाला' असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत, आणि लेकरू बहिरं असलं तरी आई ते ऐकत असते.

यंदा कुणाच्या ओळखीत कानामागचं मशीन लावलेलं लेकरू घेऊन फडावर जाणारं घर असेल, तर एक हिशेब करून द्या. बटणासारखा सेल साधारण दहा दिवस चालतो. मागचा कागद काढला की तो वापरात असो-नसो, उतरायला लागतो. दसऱ्यापासून सहा महिने म्हणजे एका कानाला अठरा सेल, दोन कानांना छत्तीस. फडाच्या कोपीजवळ ते मिळत नाहीत. दव आणि घाम यंत्राला सोसत नाही, म्हणून रात्री ठेवायला घट्ट झाकणाची कोरडी डबी लागते. सेल निघण्याआधी गावातूनच घ्यायचे, आणि जी बहीण लेकराला सांभाळणार आहे, तिला ते बदलता आले पाहिजेत.